टाका शिरोडकरांचा, मोजणी झिराडबाईंची: ‘फॉग्सी’ म्हणजे नेमकं काय?

जानेवारीत आमच्या भागातल्या एखाद्या तरी प्रसूतिगृहाच्या दारावर कागद चिकटवलेला दिसतो. ‘डॉक्टर परिषदेसाठी बाहेरगावी गेले आहेत. तातडीच्या वेळी खालील नंबरवर संपर्क साधावा.’ पहाटेच्या एसटीने सुनेला घेऊन आलेली सासू तो वाचते आणि पायरीवर बसून म्हणते, ‘ह्यांची सभा नि आमचो खोळंबो.’ त्याच पायरीवर मीही एकदा ताईला घेऊन बसले होते आणि माझ्याही मनात हेच आलं होतं. पुढे ताईच्याच निमित्ताने ती परिषद काय, ती भरवणारी संस्था कुठली, हे थोडंथोडं कळत गेलं. त्या इतिहासात कोकणातल्या दोन गावांची नावं भेटली, तेव्हा तर मी शोधून शोधून वाचायला लागले.

संस्थेचं नाव फेडरेशन ऑफ ऑब्स्टेट्रिक अँड गायनेकॉलॉजिकल सोसायटीज ऑफ इंडिया. म्हणजे प्रसूती आणि स्त्रीरोग तज्ज्ञांच्या संस्थांचा देशभरचा महासंघ. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून सगळे ‘फॉग्सी’ म्हणतात.

त्या नावातला ‘सोसायटीज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोकणातल्या माणसाला तो समजवायला वेळ लागणार नाही. आपल्या प्रत्येक वाडीचं मुंबईत एक मंडळ असतं. कुणी परळला, कुणी नालासोपाऱ्याला राहतो, पण वर्गणी वाडीच्या मंडळात भरतो. अशी पंचवीस-तीस मंडळं मिळून तालुक्याचा संघ होतो. संघाचा सभासद माणूस नसतो, मंडळ असतं. फॉग्सीची बांधणी अशीच आहे. एखाद्या शहरातले किंवा जिल्ह्यातले स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून आपली सोसायटी काढतात आणि ती सोसायटी महासंघात येते. आज अशा अडीचशेहून अधिक सोसायट्या आहेत आणि त्यांतून ३५ हजारांहून अधिक डॉक्टर जोडलेले आहेत. मुख्य कचेरी मुंबईत आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो मी सुशिक्षित घरांतही पाहिला आहे. फॉग्सी म्हणजे सरकार नव्हे. डॉक्टरला व्यवसायाचा परवाना देणं, चूक झाली तर तो काढून घेणं, हे काम महाराष्ट्रात महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं आणि देशपातळीवर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं. हा आयोग २०२० साली जुन्या मेडिकल कौन्सिलच्या जागी आला. तक्रार करायची तर तिकडे, किंवा ग्राहक आयोगाकडे. पदवी देतं ते विद्यापीठ. फॉग्सीच्या हातात यातलं काही नाही. तिच्या हातात आहे ते एवढंच, की एका डॉक्टरला आलेली अक्कल बाकीच्यांपर्यंत पोचवायची. ऐकायला हे किरकोळ वाटतं. बाळंतपणाच्या बाबतीत ते किती मोठं आहे, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत बायकांसाठी बायकांनीच चालवलेलं कामा रुग्णालय १८८६ साली उघडलं. परळचं नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ चं. मद्रासला एग्मोरचं स्त्रियांचं रुग्णालय त्याहून कितीतरी जुनं, १८४४ पासूनचं. म्हणजे मोठ्या शहरांत चांगले डॉक्टर होते, मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत होत्या. पण मद्रासला काय चाललंय ते मुंबईला कळायला मार्ग नव्हता, आणि कोकणात तर बाळंतपण म्हणजे सुईण, गरम पाणी आणि देवाला बोललेला नवस. आमच्या पणजीच्या पिढीत प्रत्येक घरात एक तरी ‘बाळंतपणात गेली’ अशी बाई आहे. त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत, दुसरेपणाच्या बायकोला मात्र सगळे ओळखतात.

देशाच्या आरोग्याचा आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्यात अंदाज दिला होता की दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० आया मरतात. वर्षाला जवळपास दोन लाख. अंदाजच, कारण नीट मोजणी कुणी केलीच नव्हती.

जवळजवळ कुणीच, असं म्हणायला हवं. मुंबईत एका बाईने ती करायला घेतली होती आणि तिचं आडनाव आपल्या कोकणातलं आहे.

डॉ. जेरुशा झिराड. अलिबागहून मांडव्याच्या बाजूला जाताना झिराड गाव लागतं, ते त्यांच्या घराण्याचं गाव. त्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडे ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत त्या समाजातल्या. रायगडच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, घरात मराठी बोलणारी ही ज्यू मंडळी. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर अशी त्यांची आडनावं. जेरुशाबाईंचा जन्म १८९० चा, शिमोग्याचा. लहानपणी बहीण आजारी पडली आणि कामा रुग्णालयात स्त्री डॉक्टरांच्या हातून बरी झाली. ते पाहून या मुलीने डॉक्टर व्हायचं ठरवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेल्या, १९१९ साली तिथली एमडी घेऊन परत आल्या. १९२८ ते १९४७ ही एकोणीस वर्षं कामा रुग्णालय त्यांनी सांभाळलं. पुढे १९६६ साली पद्मश्री मिळाली.

माझ्या दृष्टीने त्यांचं सगळ्यात मोठं काम १९३७-३८ सालातलं. मुंबई शहरात बाळंतपणात बायका का मरतात, याची त्यांनी चौकशी केली.

अशी चौकशी म्हणजे काय, हे जरा थांबून पाहू. मृत्यूच्या दाखल्यावर ‘रक्तस्राव’ एवढं लिहिलं की दाखला पुरा होतो. पण बाई गेली का, याचं उत्तर त्यात नसतं. रक्त जायला लागलं किती वाजता? घरच्यांनी दवाखान्यात न्यायचं ठरवलं केव्हा? सासऱ्यांची परवानगी यायला किती वेळ गेला? गाडी कधी मिळाली? दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर होता का, रक्त होतं का? आज आरोग्य खात्यात याला ‘तीन उशीर’ म्हणतात. ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. कोकणात राहणाऱ्याला मधला उशीर वेगळा सांगायला नको. जुलैत नदीने पूल घेतला, घाटात दरड आली, पलीकडच्या गावाला जाणारी होडी बंद झाली, की तीस किलोमीटर म्हणजे तीन तास. प्रत्येक मृत्यूमागचा उशीर शोधून लिहून ठेवला की पुढच्या बाईच्या वेळी नेमकं काय बदलायचं ते कळतं. आणि तो उशीर दवाखान्यातला असेल, तर ते डॉक्टरांनी डॉक्टरांना तोंडावर सांगावं लागतं. असं बोलायला जागा लागते.

ती जागा हळूहळू तयार होत होती. प्रसूती आणि स्त्रीरोग तज्ज्ञांची पहिली अखिल भारतीय परिषद १९३६ साली मद्रासला भरली. पुढे युद्ध आलं, फाळणी आली, तरी परिषदा भरतच राहिल्या. सहावी परिषद पुन्हा मद्रासला होती, आणि तिथे ६ जानेवारी १९५० रोजी अहमदाबाद, बंगाल, मुंबई, मद्रास आणि पंजाब इथल्या सोसायट्यांनी एकत्र येऊन महासंघ करायचं ठरवलं. प्रजासत्ताक व्हायला अजून वीस दिवस होते. त्याच वर्षी महासंघाचं नियतकालिकही निघालं, ते आजही चालू आहे. सुरुवातीच्या काळात अध्यक्षपद सांभाळणाऱ्यांत झिराडबाई होत्या. पुरुष प्राध्यापकांनी भरलेल्या त्या काळात, बायकांच्या आजारांसाठी निघालेल्या संस्थेच्या अध्यक्षपदी इतक्या लवकर एक बाई बसली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता दुसरं गाव. त्यासाठी ताईची गोष्ट सांगावी लागेल.

ताईचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. दुसरंही पाचव्यातच. दुसऱ्या वेळी जिथे नेलं होतं तिथल्या डॉक्टरांनी ‘होतं असं कधीकधी, पुढच्या वेळी आराम करा’ एवढंच सांगितलं. गावात मग जे बोलायचं ते सगळे बोलले. कुणी बाधा म्हणालं, कुणी पपई खाल्ली म्हणालं. आई मात्र एकच गोष्ट परत परत सांगायची: ‘कळ नाय की काय नाय, आणि पोर गेला.’ तिसऱ्या खेपेला रत्नागिरीच्या एका लहान प्रसूतिगृहात गेलो. तिथल्या मॅडमनी आधी सोनोग्राफीचा कागद बघितलाच नाही. आईला समोर बसवलं आणि विचारलं, ‘दोन्ही वेळा कळा किती वेळ होत्या?’ आईने तिचं वाक्य सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘चौदाव्या आठवड्यात शिरोडकर घालूया.’

गर्भाची पिशवी म्हणजे उलट्या टांगलेल्या बटव्यासारखी समजा. तोंड खाली. नऊ महिने ते तोंड घट्ट मिटलेलं राहायला हवं आणि बाळंतपणाच्या कळांनीच उघडायला हवं. काही बायकांत हे तोंड मुळात कमकुवत असतं. चौथा-पाचवा महिना लागला, बाळाचं आणि पाण्याचं वजन वाढलं, की ते गुपचूप उघडायला लागतं. कळा नाहीत, फारसं दुखत नाही. बाई धुणं धूत असते आणि अचानक सगळं संपतं. म्हणून आईचं ते वाक्य म्हणजे निदानच होतं. उपाय बटव्याचाच: तोंडाभोवती नाडी ओवायची आणि आवळून बांधायची. साधारण बारा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान टाका घालतात, छत्तीस-सदतीस आठवडे भरले की सोडवतात.

हा टाका जगाला दाखवला तो डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी. गोव्यातल्या फोंडा महालातलं शिरोडा हे त्यांचं गाव. मिठाच्या सत्याग्रहाचं वेंगुर्ल्याजवळचं शिरोडा वेगळं, नाव सारखं म्हणून अनेकांची गल्लत होते. जन्म १८९९ चा, शाळा हुबळीला, वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट कॉलेजात, १९३१ साली इंग्लंडची एफआरसीएस, म्हणजे तिथली शस्त्रक्रियेतली मोठी पदवी. पुढे त्याच ग्रँट कॉलेजात आणि जेजे रुग्णालयात ते शिकवत राहिले. पाचव्या-सहाव्या महिन्यात वारंवार गर्भ जाणाऱ्या बायकांसाठीची आपली पद्धत त्यांनी १९५५ साली छापून प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांनी नाडी म्हणून बाईच्याच मांडीच्या स्नायूंवरच्या चिवट पडद्याची पट्टी वापरली. मूत्राशय हलक्या हाताने वर सरकवून टाका पिशवीच्या तोंडाच्या अगदी वरच्या टोकाशी, आतल्या बाजूला घालायचा, ही त्यांची खुबी. १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

शिरोडकरांची पद्धत छापून आल्यावर दोनच वर्षांनी, १९५७ साली, ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी सोपी रीत सांगितली. मूत्राशय न सरकवता बाहेरूनच गोल टाका ओवायचा. वेळ कमी, सोडवायला सोपा. आज अनेक ठिकाणी हाच घालतात, पण आपल्याकडे बायका आणि कित्येकदा डॉक्टरही बोलताना सगळ्यालाच ‘शिरोडकर’ म्हणतात. ताईचाही मॅकडोनाल्डच होता, हे मला फाइल वाचताना कळलं. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत एका गोमंतकीय गावाचं नाव रोज घेतलं जातं आणि शिरोड्याच्या बाजारात ते कितीजणांना ठाऊक असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

टाक्याची गोष्ट इथे संपत नाही आणि संस्था कशाला हव्यात ते पुढच्या भागात कळतं. टाका गाजला, तशी तो कुणालाही घालायची प्रथा पडली. आधी एकदा गर्भपात झालाय ना, घाला टाका. प्रत्येक डॉक्टरचा अनुभव एकच: ‘मी घातला, मूल वाचलं.’ पण टाका न घालताही ते वाचलं असतं का? एका दवाखान्यात बसून हे कधीच कळणार नाही. त्यासाठी अनेक देशांतल्या १,२९२ बायकांवर चाचणी झाली आणि १९९३ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना टाका घातला त्यांच्यात ३३ आठवड्यांआधी बाळंत होणाऱ्या १३ टक्के, न घातलेल्यांत १७ टक्के. फायदा खरा, पण सरसकट मोठा नाही. वारंवार असे गर्भ गेलेल्यांना तो जास्त. म्हणून आज आधी इतिहास विचारतात, सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात आणि मग ठरवतात. रत्नागिरीच्या मॅडमनी कागदाआधी आईला विचारलं, ते हे सगळं झिरपत त्यांच्यापर्यंत पोचलं होतं म्हणून.

झिरपायच्या वाटा म्हणजे ते नियतकालिक, त्या जानेवारीच्या परिषदा, जिल्ह्याच्या सोसायटीत रविवारी सकाळी होणारी व्याख्यानं, कोणत्या वेळी काय करावं याच्या छापील शिफारशी. १९८४ साली महासंघाने अभ्यासासाठी वेगळं कॉलेज स्थापन केलं, त्याचं काम हेच. बाहेरच्या जगाशीही नातं आहे. प्रसूतितज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५४ साली जिनिव्हात स्थापन झाला. त्याच्या अध्यक्षपदी मुंबईचे दोन डॉक्टर बसले, २००० साली डॉ. शिरीष शेठ आणि २०१५ साली डॉ. सी. एन. पुरंदरे.

एक साधं उदाहरण घ्या. बाळ बाहेर आल्याबरोबर, मिनिटाभरात, आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं. पिशवी आवळते, रक्त कमी जातं. बाळंतपणात रक्तस्रावानेच सगळ्यात जास्त बायका जातात, त्यामुळे हे एवढंसं इंजेक्शन सोन्याच्या मोलाचं. पण ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. उघड्या ट्रेवर दुपारभर राहिलं तर त्याची ताकद उतरते आणि बाहेरून काहीच कळत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा फ्रीजमधल्या त्या कुपीचं काय झालं असेल? उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन नावाच्या औषधाची जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत, भारत धरून, जवळपास ३० हजार बायकांवर चाचणी घेतली आणि २०१८ साली ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. असली बातमी मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाला आपोआप कळते. दापोलीच्या दहा खाटांच्या प्रसूतिगृहाला ती कुणीतरी सांगावी लागते.

या पेशाचं एक दुखरं पान झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. ऐंशीच्या दशकात पोटातली मुलगी ओळखून पाडण्याचा धंदा फोफावला, तो याच विषयाच्या डॉक्टरांच्या हातून. महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिल्यांदा त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला. तो दबाव प्रामुख्याने बाहेरून आला, स्त्री संघटनांकडून आणि कार्यकर्त्यांकडून. संघटनेत बसलेले सगळेच आपले सहकारी असतात, त्यांच्याविरुद्ध बोलायला जीभ जड होते. कुठल्याही व्यावसायिक संस्थेची ही खरी मर्यादा आहे आणि म्हणूनच परवाना काढून घेणारी परिषद वेगळी असावी लागते.

पण आपलीच चूक आपल्यात बसून उघड करता येते, हेही एका राज्याने दाखवलं. आपल्याच किनाऱ्यावर खाली केरळात तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राज्य महासंघाने २००४ पासून बाळंतपणातल्या मृत्यूंची गोपनीय तपासणी सुरू केली. बाईचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही, दवाखान्याचं नाव नाही. फक्त काय घडलं ते. कुणाला शिक्षा नाही, त्यामुळे कुणी लपवत नाही. झिराडबाईंनी मुंबईत जे विचारलं तेच प्रश्न, सहासष्ट-सदुसष्ट वर्षांनी.

२०१८ ते २०२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू नोंदले गेले, महाराष्ट्रात ३३. भोर समितीच्या मापाने मोजायचं तर तेव्हा दर लाखामागे दोन हजार. श्रेय एकट्या डॉक्टरांचं मुळीच नाही. रस्ते, १०८ ची गाडी, आशाताई, मुलींचं वाढलेलं लग्नाचं वय, रक्तपेढ्या, सगळ्यांचं आहे. तरी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची जी तपासणी असते, २०१६ पासूनची, तिथे खासगी डॉक्टरांनीही येऊन मोफत तपासावं अशी योजना आहे आणि फॉग्सीने आपल्या सभासदांना त्यासाठी पुढे केलं. आमच्या ग्रामीण रुग्णालयात ९ तारखेला गेलात तर मासळीची टोपली उतरवून थेट आलेल्या बायका बाकावर दिसतील. रक्तदाब घेताना कुणाचा तरी १५० च्या वर निघतो आणि त्या बाईला काहीच होत नसतं, ना डोकं दुखत, ना पाय सुजलेले. ती त्या दिवशी सापडली नसती तर पुढच्या महिन्यात झटके आल्यावरच कळलं असतं.

तुमच्या घरात कुणाचं मूल असं मधल्या महिन्यांत गेलं असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी आठवून, शक्य तर लिहून न्या. कितवा आठवडा होता. आधी कळा आल्या, की पाणी गेलं, की काहीच न होता मूल आलं. आणि त्यानंतर पिशवी साफ केली होती का. जुने कागद फेकू नका, भिजू देऊ नका. ताईची फाइल आमच्या आईने तांदळाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवली होती. सदतिसाव्या आठवड्यात टाका सोडवला तेव्हा मॅडमनी ती फीत चिमट्यात धरून दाखवली. पांढरी, बोटाच्या नखापेक्षाही अरुंद. आईने हात पुढे केला आणि विचारलं, ‘एवढीच?’